संविधानक

संविधानक : कथा, कादंबरी वा नाटक यांतील घटनांची कार्यकारणभावाने सिद्ध झालेली रचना. ‘कथानक’ व ‘संविधानक’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजले जात असले, तरी जे घडले त्याची हकीकत ते कथानक, आणि ती हकीकत कोणत्या क्रमाने, कोणती कारणे पुढे करून व प्रेक्षकापासून काय राखून ठेवून सांगितली त्याची बांधणी ते संविधानक, असा भेद समीक्षेत उपयुक्त ठरतो.

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा घटकांत संविधानकाला अग्रस्थान दिले. भरताच्या नाट्यशास्त्रात त्यास ‘इतिवृत्त’ म्हटले असून ते नाट्याचे शरीर मानले आहे. त्याचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मुखसंधीत बीज पडते, गर्भसंधीत फलाची आशा दिसते न दिसते तोच झाकोळते, आणि निर्वहणात विखुरलेले धागे एकत्र येतात.

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाड्याशी, म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’शी, संपादक या नात्याने निगडित असलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे नाटक कथानक व संविधानक यांतील भेदाचे उत्तम उदाहरण होय. कीचक मरणार हे महाभारत ऐकलेल्या प्रत्येक प्रेक्षकास पडदा उघडण्यापूर्वीच ठाऊक असल्यामुळे, ‘पुढे काय होणार’ या कुतूहलावर नाटककाराला विसंबता येत नव्हते. म्हणून त्यांनी सारा ताण ‘केव्हा आणि कोणत्या मार्गाने’ या प्रश्नावर आणला. कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीची अभिलाषा धरतो. कंकभटाच्या वेषातील धर्मराज सामोपचार सुचवितो, बल्लव झालेला भीम दंडाची भाषा बोलतो. आणि सौम्य उपाय निष्फळ ठरत जातात तसतसा भीमाचा मार्ग अपरिहार्य भासू लागतो. मूळ आख्यानात वध नृत्यशाळेत होतो. खाडिलकरांनी तो नगराबाहेरच्या देवळात घडविला. कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पराधीन देश आणि दोघा भावांत मवाळ व जहाल पक्ष प्रेक्षकांना दिसले, ते या मांडणीमुळेच.

सरकारने १९१० मध्ये या नाटकाच्या प्रयोगांना मनाई केली. विराटपर्वातील मूळ आख्यानावर मात्र असा कोणताही हुकूम निघाला नाही.