फॉर्म्युला वन : इंजिनाची जोडणी आणि चालकाची सुरक्षितता (१९६७-२०२०)

मोटारशर्यतींचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि फॉर्म्युला वन गाडीच्या रचनेचा विकास पाहता इंजिन आणि सुरक्षाव्यवस्था हे विषय परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

१९६७ मध्ये नेदरलँड्समधील झांडवूर्ट येथे जिम क्लार्क यांनी लोटस ४९ या गाडीतून शर्यत जिंकली. तिचे कॉसवर्थ डीएफव्ही हे ३ लिटरचे इंजिन चौकटीत न बसवता चालककक्षाच्या पाठीशी थेट बोल्टांनी जोडलेले होते. मागील चाकांचा भार इंजिनच पेलत असे. वजन वाचले आणि ही रचना रूढ झाली. परंतु कक्ष पातळ ॲल्युमिनियमचा आणि इंधन चालकाच्या दोन्ही अंगांना, ही स्थिती कायम राहिली. १९७३ मध्ये त्याच झांडवूर्टवर रॉजर विल्यमसन उलटलेल्या, पेटलेल्या गाडीत अडकून मृत्युमुखी पडले. त्यांना सोडविण्यासाठी आपली गाडी थांबवून धावले ते डेव्हिड पर्ली हे स्पर्धक. व्यवस्थेची दुर्बलता यातच दिसते.

१९८१ मध्ये मॅकलारेनसाठी जॉन बर्नार्ड यांनी कार्बन फायबरचा कक्ष वापरात आणला. त्याच वर्षी मोंझा येथील अपघातात जॉन वॉटसन यांच्या गाडीचे इंजिन तुटून अलग झाले, कक्ष मात्र शाबूत राहिला. सर्व गाडी मजबूत करण्याऐवजी कक्ष अभेद्य ठेवावा आणि भोवतालचे भाग मोडून आघात शोषावा, हे तत्त्व पुढे प्रस्थापित झाले.

इंजिनाने नवे धोकेही आणले. २०१४ ते २०२५ या काळातील १.६ लिटरच्या टर्बो इंजिनास ब्रेक लावताना आणि धुराड्यातून वाया जाणाऱ्या ऊर्जेपासून वीज मिळे. ही उच्च दाबाची वीज असल्याने गाडीला हात लावणे सुरक्षित आहे की नाही, हे दर्शविणारा दिवा बसवावा लागला.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे रोमां ग्रोजाँ यांची गाडी गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट आघाताने लोखंडी कठड्यावर आदळून दुभंगली. कक्ष कठड्यात घुसला, तरी २०१८ पासून सक्तीच्या 'हॅलो' या टायटॅनियमच्या कड्याने त्यांचे डोके वाचविले; मान सावरणारे हॅन्स उपकरण तर २००३ पासूनच अनिवार्य होते. एकेकाळी हॅलोला विरोध करणारे ग्रोजाँ २८ सेकंदांत ज्वाळांतून बाहेर पडले. चौकशीत आढळले की, इंधन सांडण्याच्या दोन प्रमुख वाटांपैकी एक होती टाकीतून इंजिनाला इंधन पुरविणारी, उखडलेली जोडणी.