गुलाबी गोळीतला जीव



पर्युषणाआधी भाच्याने परदेशातून गुलाबी गोळ्या आणल्या. डब्यावर ‘नैसर्गिक रंग’ लिहिलेले, म्हणून भोरच्या घरी मी बिनधास्त वाटल्या. सासूबाईंनीही एक चघळली. रात्री बारीक अक्षरे वाचली: कार्माइन, ई १२०.

हा रंग किड्याचा! कोचिनियल नावाचा हा कीडा फड्या निवडुंगावर वाढतो. मेक्सिकोचे लोक पूर्वीपासून त्याचा लाल रंग काढत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि त्यावर अमाप पैसा कमावला. मादी किडे खरवडून काढायचे, गरम पाण्यात किंवा उन्हात मारायचे, वाळवून कुटायचे. किलोभर वाळल्या किड्यांत सुमारे दीड लाख जीव!

ईस्ट इंडिया कंपनीलाही मोह झाला. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच लावली. १७९५ साली ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आले, पण ते हलक्या जातीचे निघाले. धंदा बुडाला. परदेशातून आलेला निवडुंग मात्र देशभर माजला. वेल्ह्याकडच्या बांधांवर आपण ज्याची लाल बोंडे पाहिली, तो याच कुळातला. पुढे १९२६ साली दक्षिण भारतात तो हटवायला याच जातकुळीचा दुसरा कीडा सोडावा लागला.

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि कोचिनियल मागे पडला. मग कृत्रिम रंगांची भीती वाटू लागली, १९७६ साली अमेरिकेने एका लाल रंगावर बंदी घातली, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून कीडा परत आला. माणसालाही तो नेहमी निर्धोक नाही. काहींना अंगावर पित्त उठते, क्वचित श्वास अडकतो. म्हणून २०११ पासून अमेरिकेत पाकिटावर त्याचे नाव स्पष्ट छापावे लागते.

नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे, एवढे मी शिकले. बिटाचा रंग सुचवाल, तर ते कंदमूळ. आपल्याला वरंध घाटातून येणारे कोकम आहे, केशर आहे, वाळवलेली हळद आहे. पाकिटावर १२०, कार्माइन किंवा कोचिनियल दिसले की ते परत ठेवायचे.

सासूबाईंना सांगू की नको, दोन दिवस घुटमळले. शेवटी सांगितले. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला, आणि मीही. त्या न दिसलेल्या जीवांना मिच्छामि दुक्कडम्.