डेजिमाची ग्रंथवाट : जपानमधील डच विद्येचा एक पैलू

परकीय भाषेच्या अध्ययनाचा इतिहास लिहिताना व्याकरणे, कोश, अध्यापनपद्धती व भाषांतरे यांचा विचार केला जातो. अभ्यासकाच्या हाती मुळात ग्रंथ आला कसा, तो कोणी निवडला, त्याचे मोल कोणी दिले, हे प्रश्न मात्र गौण मानण्याची पद्धत आहे. ज्या देशात ती भाषा बोलली जाते तेथे राहणाऱ्याच्या बाबतीत ते गौण असतीलही. परंतु ग्रंथांच्या उगमापासून हजारो मैल दूर राहून जो ती भाषा शिकू पाहतो, त्याच्या विद्येचे स्वरूपच या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. या विधानाची पारख करण्यास अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील जपानइतके चांगले क्षेत्र क्वचितच सापडेल. तेथे विद्वानांच्या एका लहानशा वर्गाने शंभरांहून अधिक वर्षे डच भाषेचा अभ्यास केला. परदेशगमनास बंदी असल्यामुळे त्यांच्या कित्येक पिढ्यांपैकी कोणासही हॉलंडचा किनारा दिसला नाही. त्यांची सारी भिस्त ग्रंथांवर होती, आणि ग्रंथ येण्याची वाट एकच होती.

१

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलून दिल्यानंतर जपानशी व्यापार करण्याची मुभा युरोपियनांपैकी केवळ डचांना उरली. १६४१ मध्ये त्यांची वखार हिरादोहून नागासाकी बंदरातील डेजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर हलविण्यात आली. बेट अगदी लहान होते. ते किनाऱ्याशी एकाच पुलाने जोडलेले होते व पुलावर पहारा असे. डचांशी बोलण्याचा अधिकार वंशपरंपरागत दुभाष्यांच्या घराण्यांना होता. हे दुभाषे तोंडी व्यवहारात निपुण असले तरी डच ग्रंथांचे वाचन हा त्यांच्या कामाचा मूळ भाग नव्हता.

ख्रिस्ती धर्माच्या भयामुळे १६३० पासून जेझुइटांच्या चिनी ग्रंथांवरही बंदी होती. १७२० मध्ये शोगुन योशिमुने याने ती सैल केली आणि १७४० च्या सुमारास आओकी कोन्यो व नोरो गेन्जो या दोघांना डच शिकण्याची आज्ञा दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दोदोन्स याचा वनस्पतिविषयक व योन्स्टन याचा प्राणिविषयक असे दोन सचित्र ग्रंथ डचांनी अनुक्रमे १६५९ व १६६३ मध्येच शोगुनास नजर केले होते. त्यांचा खरा अभ्यास मात्र नोरो गेन्जोच्या हातून सुरू झाला. मधली सुमारे पाऊणशे वर्षे ग्रंथ होता आणि वाचक नव्हता. ग्रंथाची प्राप्ती व विद्येची प्राप्ती यांत केवढे अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

सामान्य अभ्यासकास डच ग्रंथ मिळण्याचे मार्ग दोन होते. वखारीतील अधिकारी व जहाजावरील वैद्य आपल्या खाजगी सामानातून पुस्तके आणीत व ती दुभाष्यांमार्फत विकली जात. अथवा शोगुन किंवा एखादा सरंजामदार विशिष्ट ग्रंथाची मागणी नोंदवी. डच जहाजे बाताव्हियाहून उन्हाळ्यात येत व शरदाच्या अखेरीस परतत. मागणी बाताव्हियाहून हॉलंडला जाऊन ग्रंथ त्याच वाटेने परत येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज लोटत. सबब बहुतेकांचा भर जे आले त्यातून घेण्यावर असे. जपानमधील डच विद्येत प्रथम वैद्यक व पुढे ज्योतिष यांना जे प्राधान्य दिसते, त्यामागे राज्याची गरज जशी होती तसेच खलाशी व वैद्य यांच्या पेटीत कोणती पुस्तके असत हेही एक कारण होते.

२

या व्यवहाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १७७१ चे आहे. वखारीचा प्रमुख शोगुनाच्या भेटीस एदो नगरात येई तेव्हा त्याचा मुक्काम नागासाकिया नावाच्या पांथशाळेत असे. तेथे नाकागावा जुन्आन या वैद्यास दोन डच शरीररचनाग्रंथ विकाऊ असल्याचे कळले. त्याने ते आपला सहकारी सुगिता गेन्पाकु यास आणून दाखविले. गेन्पाकूस डच भाषेचे अक्षरही येत नव्हते. परंतु त्यांतील चित्रे तो शिकला होता त्या चिनी वैद्यकातील आकृतींहून सर्वस्वी निराळी होती. त्याच्यापाशी द्रव्य नव्हते. तो ओबामा संस्थानचा वैद्य असल्याने त्याने संस्थानच्या अधिकाऱ्यास विनविले. याचा उपयोग काय, अशी पृच्छा झाली. उपयोग खात्रीने करून दाखवीन, असे आश्वासन देऊन त्याने संस्थानच्या खर्चाने ग्रंथ मिळविले.

यांपैकी एक ग्रंथ म्हणजे डान्झिग येथील योहान आडाम कुल्मुस याने १७२२ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केलेल्या शरीररचनेच्या कोष्टकांचा १७३४ चा डच अनुवाद होय. त्याच वसंतात एदोजवळील कोत्सुगाहारा या वधस्थानी एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन पाहण्याची संधी गेन्पाकूस मिळाली. माएनो र्‍योताकु हा ज्येष्ठ वैद्यही तेथे आला. त्याने नागासाकीस खरेदी केलेला ग्रंथ बाहेर काढला, तो कुल्मुसचाच निघाला. दोघांनी चित्रे व प्रत्यक्ष अवयव ताडून पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी अनुवादास आरंभ केला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या खरेदीचे मर्म असे की, जो ग्रंथ वाचता येत नाही तो निवडायचा कशावरून, या प्रश्नाचे उत्तर चित्रांनी दिले. इतकेच नव्हे तर कोश व गुरू या दोहोंच्या अभावी चित्रांनीच पुढे कोशाचे काम केले. आकृतीवरील खुणेचे अक्षर व मजकुरातील तेच अक्षर जोडून शब्दाचा अर्थ निश्चित होई. र्‍योताकूस काहीशे शब्द येत होते. भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस, एवढे एक वाक्य उलगडण्यास वसंतातला एक दीर्घ दिवस पुरला नाही, असे गेन्पाकूने वृद्धपणी लिहून ठेवले आहे. नाकाच्या वर्णनातील एका शब्दाचीही त्याने कथा सांगितली आहे. फांदी तोडल्यावर वृक्षावर, आणि अंगण झाडल्यावर केराच्या बाबतीत, तोच शब्द येतो हे पाहून त्याचा अर्थ ‘उंचवटा’ असा ठरविण्यात आला. मूळ डच ग्रंथात त्या स्थळी तो शब्द आढळत नाही, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. चव्वेचाळीस वर्षांनंतरच्या स्मृतीत असा दोष संभवतो. परंतु प्रयोगांच्या तुलनेवरून अर्थ काढण्याची रीत त्या कथेत यथार्थ उतरली आहे.

हा अनुवाद ‘काइताइ शिन्शो’ या नावाने १७७४ मध्ये, मजकुराचे चार व चित्रांचा एक अशा पाच खंडांत, प्रसिद्ध झाला. त्याची भाषा विद्वन्मान्य अशी चिनी होती. म्हणजे जर्मन ग्रंथ डचमधून चिनीत उतरून जपानी वाचकास मिळाला. परिभाषेसाठी गेन्पाकूने तीन मार्ग सांगितले : हाडासारख्या शब्दास रूढ प्रतिशब्द देणे; रूढ शब्द नसल्यास अर्थावरून नवा घडविणे, जसे कूर्चेसाठी ‘मऊ हाड’ या अर्थाचा ‘नान्कोत्सु’; आणि दोन्ही अशक्य असल्यास मूळ ध्वनी लिहून ठेवणे, जसे ग्रंथीसाठी डच ‘क्लीर’चे ‘किरीइरु’. मज्जातंतूसाठी घडविलेला ‘शिन्केइ’ हा शब्द जपानीत आजही चालतो. ग्रंथीचा ध्वनिलेख मात्र टिकला नाही. त्यासाठी पुढील पिढीत उदागावा गेन्शिन याने नवे चित्राक्षरच निर्माण केले. आपल्याकडील परिभाषेच्या वादांत हेच तीन पक्ष आजही मांडले जातात.

३

ग्रंथ मिळाला तरी कोशावाचून वाचन पुढे सरकत नाही. एदोतील ओत्सुकी गेन्ताकु याने १७८८ मध्ये प्रवेशिका प्रसिद्ध केली; परंतु डच-जपानी कोश नव्हता. मिळण्यासारखा होता तो फ्रान्स्वा हाल्माचा डच-फ्रेंच कोश. फ्रेंच न जाणणाऱ्यास तो निरुपयोगी वाटावा. पण त्यात डच शब्दांचे स्पष्टीकरण डचमध्येही होते. गेन्ताकूचा शिष्य इनामुरा सान्पाकु याने पूर्वी दुभाषी असलेल्या एका सहकाऱ्याच्या साह्याने फ्रेंचच्या जागी जपानी प्रतिशब्द बसविले आणि १७९६ मध्ये साठ हजारांवर शब्दांचा कोश सिद्ध केला. डच शब्द लाकडी ठशांनी छापले, जपानी अर्थ हाताने लिहिले. प्रती निघाल्या सुमारे तीस.

दुसरा कोश घडला तो जहाजे न आल्यामुळे. १८१० मध्ये हॉलंड फ्रान्समध्ये विलीन झाले व १८११ मध्ये जावा इंग्रजांच्या हाती गेली. १८०९ नंतर १८१७ पर्यंत डेजिमास एकही डच जहाज आले नाही. वखारीचा प्रमुख हेन्ड्रिक डूफ याने या सक्तीच्या रिकामपणात दुभाष्यांसह हाल्माच्याच आधारे नवा कोश रचण्यास घेतला. तो १८१७ मध्ये गेल्यावर दुभाष्यांनी काम चालू ठेवून १८३३ मध्ये पुरे केले. मराठीच्या अभ्यासकास येथे एक तुलना सहज सुचेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यात मराठी शब्द इंग्रजीतून समजावले आहेत, कारण तो मराठी शिकणाऱ्या इंग्रजांसाठी होता. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ देणारा कँडीचा कोश १८४७ मध्ये आला. नागासाकीचा कोश आरंभापासूनच परकीय ग्रंथ वाचू इच्छिणाऱ्या एतद्देशीयांसाठी होता. कोशाची दिशा पाहिली की भाषा शिकण्याची निकड कोणाला होती ते कळते.

४

या ग्रंथवाटेचे मोल काहींनी प्राणांनी दिले. शोगुनाचा ज्योतिषी ताकाहाशी योशितोकी यास १८०३ मध्ये लालांदच्या ज्योतिषग्रंथाचा डच अनुवाद पाहावयास मिळाला. त्याचे डच जुजबी होते. गणिताच्या बळावर तो मजकुराचा अर्थ लावीत गेला. प्रकृती मुळात क्षीण, त्यात रात्रंदिवसाचे श्रम. १८०४ च्या आरंभी तो वारला. त्याचा पुत्र कागेयासु हा शोगुनाच्या ग्रंथालयाचा अधिकारी झाला. १८२६ मध्ये डेजिमाचा वैद्य सीबोल्ट एदोस आला, तेव्हा क्रुझेन्श्टेर्नच्या पृथ्वीपर्यटनाचा ग्रंथ त्याच्यापाशी असल्याचे कागेयासूस समजले. तो विकत मिळण्यासारखा नव्हता. त्याच्या मोबदल्यात इनो तादाताकाने केलेल्या मोजणीवरील जपानच्या नकाशांच्या नकला देण्याचे ठरले. नकाशे परकीयांस देणे हा राजद्रोह होता. १८२८ मध्ये हे उघड झाले; कागेयासु १८२९ मध्ये तुरुंगात मरण पावला. त्याचे शव मिठात ठेवून त्यावर पुढे मृत्युदंडाची शिक्षा फर्मावण्यात आली. सीबोल्टची हद्दपारी झाली, पण तो जिवंत सुटला. ग्रंथाच्या या देवघेवीत दोन्ही पक्षांचा धोका समान नव्हता.

५

पुढील पिढीचे चित्र फुकुझावा युकिचीच्या आत्मचरित्रात सापडते. ओगाता कोआन याने १८३८ मध्ये ओसाका येथे स्थापिलेल्या तेकिजुकु या पाठशाळेत तो १८५५ मध्ये दाखल झाला. वैद्यक व पदार्थविज्ञान मिळून तेथे दहाएक डच ग्रंथ होते आणि डूफच्या कोशाची एकच प्रत. ती एका खोलीत असे. पाठाच्या आदल्या रात्री तेथे गर्दी होई. वाचावयाचा भाग प्रत्येकाने स्वहस्ते उतरून घ्यावयाचा, असा प्रघात होता. स्वतः फुकुझावाने एका वजनदार गृहस्थाने तेवीस र्‍यो देऊन घेतलेला तटबंदीवरील ग्रंथ नुसता पाहावयास म्हणून मागून आणला आणि रात्री जागून त्याची गुपचूप नक्कल केली. पुढे फुकुओकाच्या सरंजामदाराने ऐंशी र्‍यो देऊन घेतलेला पदार्थविज्ञानाचा ग्रंथ त्याच्या ओसाकातील मुक्कामापुरता कोआनला मिळाला. त्यात फॅरेडेच्या शोधांवर आधारलेले विद्युत्प्रकरण होते. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, एकाने वाचावे व दुसऱ्याने लिहावे अशा रीतीने, दोन रात्री व तीन दिवसांत त्या प्रकरणाची दीडशेवर पृष्ठे उतरून काढली.

ही हकीकत वाचताना आदर वाटतो. परंतु दुर्मिळता हीच विद्येची जननी, असा निष्कर्ष त्यातून काढणे चुकीचे ठरेल. १८५९ मध्ये परकीय व्यापारास खुले झालेले योकोहामा पाहावयास फुकुझावा गेला, तेव्हा दुकानांवरच्या पाट्याही त्यास वाचता येईनात. तेथे इंग्रजी चालत होती. डच ही एकच खिडकी उघडी राहिल्याचा हा परिणाम होता. त्याने संस्थानाकडून पाच र्‍यो मिळवून होल्ट्रोपचा डच-इंग्रजी कोश घेतला व जुन्या भाषेच्या आधाराने नवी शिकण्यास आरंभ केला. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने वेब्स्टरचा कोश विकत घेतला. १८६२ मध्ये युरोपास गेला असता भत्त्यातील रकमेतून लंडन येथे इंग्रजी ग्रंथ घेतले. १८६७ च्या दुसऱ्या अमेरिका-यात्रेत तर त्याने एकाच पाठ्यपुस्तकाच्या कित्येक प्रती आणल्या, जेणेकरून त्याच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यापुढे छापील प्रत असावी. नकला करण्यात ज्याची तरुण वर्षे गेली, त्याने संधी मिळताच विद्यार्थ्यांची त्यातून सुटका केली. नक्कल करण्यातील लाभ तो जाणत होता, तसेच त्यात खर्ची पडणारे आयुष्यही.

६

उपसंहारादाखल एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. गेन्पाकूने १८१५ मध्ये डच विद्येच्या आरंभाची कथा लिहिली, ती त्याच्या हयातीत छापली गेली नाही. १८५५ च्या एदोतील भूकंपानंतरच्या आगीत सुगिता घराण्यातील हस्तलिखित नष्ट झाले आणि ग्रंथ कायमचा गेला असे मानले गेले. तोकुगावा राजवटीच्या अखेरच्या दिवसांत कान्दा ताकाहिरा या विद्वानास रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या मांडणीत त्याची एक नक्कल सापडली. फुकुझावाने पुढाकार घेऊन १८६९ मध्ये ती छापविली. कुल्मुसच्या खरेदीविषयी वर जे सांगितले, ते आपणास या सापडलेल्या नकलेमुळे ज्ञात आहे.

विद्येच्या इतिहासात ग्रंथकारांची व अनुवादकांची नावे आपण जपतो. त्या नावांबरोबर ग्रंथ कोणत्या वाटेने आला, कोणी द्रव्य पुरविले, कोणी उतरून काढला आणि कोणास त्यासाठी शिक्षा झाली, याचीही नोंद संशोधकाने ठेवली पाहिजे. आपल्या विभागातील जे विद्यार्थी परकीय भाषांच्या मराठीशी आलेल्या संबंधांवर काम करीत आहेत, त्यांनी ग्रंथाच्या मुखपृष्ठाबरोबर त्यावरील जुने शिक्के, मालकांच्या सह्या व समासातील टिपाही पाहाव्यात, अशी सूचना करावीशी वाटते. अभ्यासक काय वाचू शकला हे जसे तेथे कळते, तसे त्यास काय वाचावयास मिळाले नाही याचाही काही सुगावा तेथे लागतो.