मोबाईलवर पत्रिका, बॅनर बनवताय? छापखान्यात फाईल देण्याआधी एवढं तपासा

अकोट : लग्नाची पत्रिका असो, यात्रेचं बॅनर असो की बचत गटाच्या हळदीच्या पुडीवरचं लेबल, गावातली पोरं आता ते मोबाईलवरच बनवतात. त्यासाठी कॅनव्हा हे ॲप जास्त चालतं. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या या ॲपमध्ये मराठी टाईप करता येतं आणि बरंचसं काम फुकटात होतं. पण स्क्रीनवर झकास दिसलेली पत्रिका छापून आली की फोटो पुसट, रंग फिके आणि जोडाक्षरं तुटलेली, असंही होतं. छापखानावाला मिळालेली फाईल छापतो. एकदा "ओके" म्हटलं की पुन्हा छापायचा खर्च बहुतेक वेळा गिऱ्हाईकाच्याच अंगावर येतो. म्हणून या गोष्टी आधीच पाहून घ्या.

१) आधी माप, मग डिझाईन
पत्रिकेचं माप छापखान्यातून विचारून घ्या आणि ॲपमध्ये 'कस्टम साईज' निवडून तेच माप टाका. इन्स्टाग्रामच्या चौकोनी पोस्टवर बनवलेलं डिझाईन नंतर ताणलं तर चेहरेही ताणले जातात. फ्लेक्स मोठा असतो, म्हणून त्याच प्रमाणात लहान पान घ्या. १० बाय ५ फुटाच्या बॅनरसाठी २० बाय १० इंचाचं पान चालतं. छापखाना ते सहापट मोठं करतो.

२) फोटो मूळच हवा
कागदावर स्वच्छ छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे ५ बाय ७ इंचाची पत्रिका पूर्ण फोटोने भरायची असेल तर फोटो किमान १५०० बाय २१०० पिक्सेलचा पाहिजे. फ्लेक्स लांबून पाहतात, म्हणून तिथे इंचाला ५० ते १०० ठिपकेही चालून जातात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, स्क्रीनशॉट तर त्याहून वाईट. ज्याच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

३) कडेला जागा सोडा
पत्रिका मोठ्या कागदावर छापून मग कापतात. कापताना पातं एखादा मिलिमीटर इकडंतिकडं होतंच. म्हणून मागचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. याला 'ब्लीड' म्हणतात. पीडीएफ डाउनलोड करताना 'क्रॉप मार्क्स अँड ब्लीड'वर टिक करा. तो पर्याय सापडला नाही तर पानच मोठं घ्या : १२७ बाय १७८ मिलिमीटरच्या पत्रिकेसाठी १३३ बाय १८४. मात्र छापखान्यात तसं सांगून ठेवा. नावं आणि मजकूर कापायच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत राहू द्या.

४) 'वऱ्हाड' लिहून पाहा
फॉन्ट निवडला की 'वऱ्हाड', 'श्री', 'कृपा', 'ज्ञानेश्वर' हे शब्द टाईप करून पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये 'ऱ्ह' नीट उमटत नाही. अनेक छापखान्यांत अजून श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट आणि कोरल ड्रॉ वापरतात. तुमचा फॉन्ट त्यांच्या संगणकात नसला तर मात्रा, वेलांट्या सरकतात. त्यावर उपाय म्हणजे 'पीडीएफ प्रिंट' निवडून 'फ्लॅटन पीडीएफ'वर टिक करा, म्हणजे अक्षरं आहेत तशीच राहतात. सोबत पीएनजी चित्रही पाठवा, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतात.

५) रंग थोडे उतरणार
मोबाईलचा रंग उजेडातून तयार होतो, छपाईचा शाईतून. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंतूनच सगळे रंग काढतात. त्यामुळे स्क्रीनवरचा चमकता पोपटी किंवा भडक भगवा कागदावर दबतो. छपाईच्या रंगात फाईल काढायची सोय कॅनव्हाच्या पैसे भरून घ्यायच्या प्रकारात आहे. फुकट वापरत असाल तर आधी एक नमुना काढून घ्या. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरं टाळा, शाई पसरून ती बुजतात.

६) फुकट आणि विकतचं ओळखा
ज्या फुलांवर, चौकटींवर मुकुटाची खूण असते ती विकतची असतात. पैसे न भरता वापरली तर त्यावर पुसट खुणा राहतात आणि त्या छपाईतही येतात.

७) लेबल बनवणाऱ्या गटांसाठी
खाद्यपदार्थाच्या पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख लागते. त्यासाठी जागा आधीच ठेवा. डिझाईन झाल्यावर कोंबलेला मजकूर वाचताच येत नाही.

शेवटचा हात
फाईल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने पाठवा. तारीख आणि वार जुळतात का, मोबाईल नंबर १० अंकी आहे का, नावांचे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत का, हे बनवणाऱ्याशिवाय घरातल्या दुसऱ्या माणसाने वाचावं. लग्नस्थळाचा क्यूआर कोड असेल तर तो किमान २ सेंटीमीटरचा ठेवा आणि छापलेल्या नमुन्यावरूनच स्कॅन करून पाहा. एक नमुना हातात घेऊन वाचला, मगच बाकीच्या प्रती छापायला सांगा.