नाव आपलं, पण भाड्याचं

आम्ही देवगाव रंगारीहून बोलतोय. आपल्या गावाच्या नावातच रंगारी आहे. धंद्याची ओळख नावाला कशी चिकटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या बचतगटानं मसाल्याच्या पाकिटांवर वेबसाइटचं नाव छापलं होतं. दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमच्या नावावर तर जुगाराची जाहिरात उघडते!" चौकशी केली, तर नावाची मुदत संपली होती. आठवणीचे निरोप वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर जात होते आणि तो कधीच गाव सोडून नोकरीला गेला होता. नाव भलत्यानंच घेतलं, छापील पाकिटं आमच्याकडे पडून राहिली. तेव्हा या नावांचा इतिहास आम्ही समजून घेतला.

१५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेतल्या सिम्बॉलिक्स या कंपनीनं डॉट कॉमचं पहिलं नाव नोंदवलं. तेव्हा नाव फुकट मिळायचं. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर शुल्क लागू झालं. म्हणजे नाव ग्रामपंचायतीच्या गाळ्यासारखं झालं. भाडं थकलं की गाळा दुसऱ्याला.

मोठेही यात चुकले. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली. हॉटमेलचे ईमेल उघडेनात. शेवटी मायकेल चेनी या प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ कंपनीचा खटला गाजला. कुणीतरी 'रॅडिफ' असं मिळतंजुळतं नाव घेतलं होतं. न्यायालयानं ते वापरायला मनाई केली. असं नाव म्हणजे नुसता पत्ता नाही, व्यापारचिन्हाइतकंच त्याला संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयानं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानंही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात असाच निकाल दिला.

म्हणूनच सोडलेल्या नावांवर लोकांचा डोळा असतो. जुन्या नावाकडे येणारी वाट लोकांच्या पायाखालची असते, दुसऱ्या वेबसाइटींवरही त्याचा पत्ता दिलेला असतो. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्या दिवशीच जात नाही. आधी थोडे दिवस सवलत असते. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस जास्तीचे पैसे भरून मूळ मालकाला ते सोडवता येतं. पुढे ५ दिवसांनी ते सगळ्यांना मोकळं होतं. काही कंपन्या तर त्याआधीच लिलाव करतात.

आपल्यालाही असं मोकळं झालेलं नाव घेता येतं. नाव लहान, बोलायला सोपं आणि आपल्या मालाला शोभणारं हवं. पण जुनं घर घेताना आधी कोण राहत होतं ते विचारतो ना, तसंच इथंही विचारायचं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या नावाची जुनी पानं फुकट दिसतात. तिथं फसवणूक किंवा जुगार दिसला, तर ते नाव सोडून द्या. कुणाचं व्यापारचिन्ह असेल, तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आम्ही आता नवं नाव घेतलंय, गटाच्या स्वतःच्या ईमेलवर. मुदतीची तारीख ठरावाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलीय आणि मासिक बैठकीत हप्त्यांबरोबर तीही वाचतो. तुमच्या गटाचं नाव कुणाच्या ईमेलवर आहे, एवढं आज संध्याकाळी विचारून घ्या.