तळटीप : उलुरूचा भाडेपट्टा

* २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलिया सरकारने उलुरू या खडकाची जमीन तिच्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत दिली आणि लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलीही. देणे-घेणे एकाच समारंभात! तरी हा निव्वळ देखावा नव्हता. पार्क्स ऑस्ट्रेलिया हे सरकारी खाते अनंगूंना भाडे आणि प्रवेशशुल्कातला वाटा देते; शिवाय उद्यानाच्या १२ जणांच्या व्यवस्थापन मंडळात ८ जागा त्यांच्या आहेत.

या बहुमताचे वजन २०१७ मध्ये दिसले. ‘पवित्र खडकावर चढू नका’ अशी अनंगूंची विनंती पायथ्याशी फलकावर वर्षानुवर्षे होती. अनेक पर्यटक ती वाचत आणि १९६४ मध्ये ठोकलेली साखळी धरून खुशाल वर जात. मंडळाने एकमताने चढाई बंद करायचे ठरवले. २०१९ च्या ऑक्टोबरात बंदी लागू झाली, मग साखळीही उपटली गेली. — संपादक