दुसऱ्यांदा मागताना

परवा रात्री अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी यंदा कॉलेजला जाणार. कॉलेजने मदतीचा आकडा कळवलाय, पण तो काढलाय दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावरून. मधल्या काळात याची नोकरी गेली. फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे त्याला ठाऊक आहे. पण म्हणाला, "काका, त्यांनी एकदा दिलंय. परत हात पसरायची लाज वाटते हो."

मला एकदम आमचे वडील आठवले. १९७२ साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दुष्काळाने शेत करपलं होतं, पण उत्पन्नाचा दाखला होता आदल्या वर्षाचा, आणि तो फी-सवलतीच्या मर्यादेच्या जरासा वर. कारकून म्हणाला, "कागदावर उत्पन्न दिसतंय." प्राचार्यांना भेटून परिस्थिती सांगा, असं मी वडिलांना विनवलं. ते गेले नाहीत. "एकदा नाही म्हणाले ना? मग झालं." ते वर्ष मी दुष्काळी कामावर खडी फोडली. पदवी मिळाली, पण एक वर्ष उशिरा. वडिलांवर राग नाही. पण ते गेले असते तर, हा प्रश्न अजून मनात येतो.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. पुतण्याला उपदेश करण्याऐवजी एका पत्राची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षं, आणि नंतर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी असा करार. मुदत संपत आली तेव्हा अभ्यास संपला नव्हता. त्यांनी वाढ मागितली. त्या बळावर १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि ग्रेज इन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अर्ध्यावरून परतावं लागलं. निघताना मात्र त्यांनी ४ वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पैसा मिळेना तेव्हा त्यांनी वेळ मागून घेतला!

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्जाऊ घेतलेले ५ हजार रुपये घालून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. हिशेब नीट केला होता, पण तो रुपयांत. खर्च होता पौंडांत.

सरकारने १९२० साली रुपयाचा भाव २ शिलिंग ठरवला होता. तो टिकला नाही. १९२१ मध्ये रुपयाला १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपासच मिळत होते. म्हणजे जो पौंड १० रुपयांना पडायला हवा, त्याला १५ रुपये पडू लागले. विद्यार्थ्याने एक पैसा उधळला नाही, तरी गाठीची रक्कम तिसऱ्या हिश्श्याने आटली.

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिलं. महाराजांनी आधी मदत केलेली होतीच, तरी लिहिलं. विनिमयाचा दर घसरल्याने बेत कोलमडला. कायद्याच्या शिक्षणाची फी आणि परतीचा प्रवास यांसाठी २०० पौंड हवेत. कर्ज म्हणून द्यावेत, परतल्यावर व्याजासह फेडीन. काय बदललं, किती हवे, कशासाठी हवे, परत कसे करीन. त्यात रडगाणं नाही, खुशामत नाही.

आणि गंमत पाहा. तेव्हा त्यांच्या संशोधनाचा विषयही रुपयाचाच होता! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपया घसरला की कुणाच्या ताटातला घास कमी होतो, हे त्यांना नुसतं ग्रंथालयात बसून कळलं नव्हतं.

पुतण्याला म्हटलं, "अरे, त्या माणसाला मागताना कमीपणा वाटला नाही. तुला का वाटावा? तू भीक मागत नाहीस. त्यांच्याजवळ दोन वर्षांपूर्वीचे आकडे आहेत, तू आजचे देतोयस."

अमेरिकेतला कायदाही हेच म्हणतो. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशी परिस्थिती उद्भवली तर कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला कागदपत्रं पाहून त्या कुटुंबापुरते आकडे बदलता येतात. असे सगळे अर्ज सरसकट फेटाळायचं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. अर्थात वाढ मिळेलच असं नाही. पण नोकरी सुटल्याचं पत्र आणि चालू वर्षाचा जमाखर्च जोडला, की निदान खरं चित्र त्यांच्यापुढे जातं.

काल नातीने स्वतःच अर्ज लिहून मला वाचून दाखवला. एकच पान. शेवटी आभाराच्या चार ओळी जास्तच होत्या. म्हटलं, त्यातली एक ठेव, बाकी खोड.

उत्तर यायचंय. पण अर्ज गेला, याचंच मला समाधान आहे.